नोटांच्या पाठीवरचा भारत: सहा ठिकाणांचा प्रवास कसा आखावा

भारत पाहायला निघणाऱ्याची पहिली अडचण अंतराची नसते, निवडीची असते. राज्यवार यादी करायला बसले की ती संपतच नाही आणि शेवटी घाईघाईने ठरवलेल्या सहलीत निम्मा वेळ गाडीत जातो. म्हणून आधी एखादे सूत्र धरावे. असे एक सूत्र आपल्या पाकिटातच असते. चलनातील नव्या मालिकेच्या नोटांच्या मागील बाजूस सहा वास्तू छापलेल्या आहेत: १० रुपयांच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर, २० च्या नोटेवर वेरूळ, ५० च्या नोटेवर हंपीचा दगडी रथ, १०० च्या नोटेवर गुजरातेतील पाटणची राणी की वाव (पायऱ्यांची विहीर), २०० च्या नोटेवर सांचीचा स्तूप आणि ५०० च्या नोटेवर दिल्लीचा लाल किल्ला. या सहाही वास्तू जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्या जोडणारी वाट देशाच्या चारही दिशांना स्पर्श करते.

या वाटेसाठी माझ्या मते फेब्रुवारी हा सर्वांत योग्य महिना आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळांची धास्ती असते, तर डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्यामुळे रेल्वेगाड्या तासन्‌तास रखडतात. एप्रिलनंतर हंपीच्या खडकांवर दुपारी उभेही राहवत नाही. त्यामुळे फेब्रुवारीच्या आरंभी दक्षिणेकडून सुरुवात करून, ऊन वाढू लागेल तसे उत्तरेकडे सरकावे.

महाराष्ट्रातून निघणाऱ्याने वेरूळ, हंपी, कोणार्क, दिल्ली, सांची, पाटण असा क्रम ठेवावा. यासाठी किमान अठरा दिवस हाताशी हवेत. तेवढी रजा मिळत नसेल, तर पहिली तीन ठिकाणे एका वर्षी आणि उरलेली तीन पुढच्या वर्षी करावीत. सहाही ठिकाणे दहा दिवसांत कोंबू नयेत.

तारखा ठरवण्यापूर्वी साप्ताहिक सुट्ट्या पाहाव्यात. वेरूळची लेणी मंगळवारी, तर लाल किल्ला सोमवारी बंद असतो. (वेरूळला जोडून अजिंठा करणाऱ्यांनी तिथली सोमवारची सुट्टीही लक्षात ठेवावी.) रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या दिवसापूर्वी ६० दिवस खुले होते, पूर्वीची १२० दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून गेली. सर्वांत आधी होसपेटे (हंपीजवळचे स्थानक) ते भुवनेश्वर (कोणार्ककडे जाण्यासाठी) या टप्प्याचे तिकीट काढावे, कारण या मार्गावरची थेट अमरावती एक्स्प्रेस रोज धावत नाही. बाकीचे सगळे वेळापत्रक या एका गाडीच्या दिवसाभोवती बसवावे लागते. तात्काळ तिकिटावर विसंबायचेच झाले, तर वातानुकूलित वर्गाचे आरक्षण आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि शयनयानाचे ११ वाजता सुरू होते.

वेरूळच्या ३४ लेण्यांमध्ये बौद्ध, हिंदू आणि जैन अशी तिन्ही परंपरांची लेणी आहेत. अनेक जण कैलास लेणे पाहूनच परततात. वेळ असेल तर आधी बौद्ध लेण्यांपासून सुरुवात करावी आणि कैलास त्यानंतर पाहावे, म्हणजे डोंगर वरून खाली कोरत आणण्याचे धाडस किती वेगळे होते ते कळते. तेथून सोलापूर, विजयपुरा या वाटेने होसपेटे गाठावे आणि वाटेत गोल घुमट पाहून घ्यावा.

हंपीला पूर्ण तीन दिवस द्यावेत. दगडी रथ ज्या मंदिराच्या आवारात आहे ते विठ्ठलाचे मंदिर, आणि मराठी माणसाला येथे क्षणभर थबकायला होते. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला, म्हणजे याच हंपीला, नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी आपली परंपरा सांगते. मंदिरापासून बऱ्याच अंतरावर वाहने थांबवतात व पुढे बॅटरीवरची गाडी मिळते. चालत गेल्यास गर्दीपूर्वी, सकाळीच पोहोचावे.

कोणार्कला रेल्वे स्थानक नाही. पुरीला मुक्काम करून सुमारे ३५ किलोमीटरचा रस्ता पहाटे धरावा. तेराव्या शतकात राजा पहिला नरसिंहदेव याने बांधलेल्या या मंदिराला चोवीस चाकांच्या रथाचे रूप दिले आहे. मंदिर आतून पाहता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण कोसळू नये म्हणून इंग्रजी अमदानीत त्याचा सभामंडप वाळूने भरून बंद केलेला आहे.

भुवनेश्वरहून दिल्लीला थेट गाड्या आहेत. लाल किल्ल्यास अर्धा दिवस पुरे. सांची दिल्ली-भोपाळ लोहमार्गावरच आहे, पण तेथे फार थोड्या गाड्या थांबतात. म्हणून भोपाळला उतरून रस्त्याने जावे. स्तूपाच्या दक्षिण तोरणावरील (प्रवेशकमानीवरील) लेखात सातकर्णी या सातवाहन राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचा उल्लेख आहे. पैठणशी नाते असलेल्या सातवाहनांची ही खूण इतक्या उत्तरेला भेटते, म्हणून ते तोरण सावकाश पाहावे.

भोपाळहून रात्रीच्या गाडीने अहमदाबाद आणि तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर पाटण. राणी की वाव ही अकराव्या शतकात राणी उदयमती हिने पती भीमदेवाच्या स्मरणार्थ बांधलेली सात मजली विहीर. ती शतकानुशतके सरस्वती नदीच्या गाळाखाली गाडलेली होती, म्हणूनच तिचे शिल्पकाम इतके शाबूत राहिले. त्याच भीमदेवाच्या काळातील मोढेऱ्याचे सूर्यमंदिर जवळच आहे. कोणार्क नुकतेच पाहून आलेल्याने ते चुकवू नये.

एक साधी युक्ती सर्वत्र उपयोगी पडते. या सहा किमतींची प्रत्येकी एक कोरी नोट जवळ ठेवावी. भाषा जुळेनाशी झाली की रिक्षावाल्याला नोटेची मागची बाजू दाखवावी. त्याच बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते आणि त्यांत त्याची भाषाही बहुधा असतेच. फक्त भाडे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर दाखवलेली नोट तेच भाडे समजून खिशात जाईल.