हांगी ताकिम? बेशिक्ताशात राहायला येणाऱ्यांसाठी

इस्तंबूलला आलात की पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न येतील. कुठले? लग्न झालंय का? आणि फुटबॉलच्या कुठल्या संघाचे? पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे आहेत, तिसऱ्याची तयारी करून या. मी केली नव्हती. भाजीवाल्याने टोमॅटो तोलता तोलता 'हांगी ताकिम?' विचारलं आणि मी सभ्यपणे म्हणालो, "मला तिन्ही मोठे संघ आवडतात." त्याने टोमॅटो दिले, पैसे घेतले आणि पुढचे सहा महिने भाव सांगण्यापलीकडे माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी प्रतिस्पर्धी फेनेरबाहचेचं नाव घेतलं असतं तर निदान भांडला तरी असता.

आपली नवी मंडळी हल्ली या भागात बरीच दिसतात. कोणी आयटीत, कोणी हॉटेलात, कोणी शिकायला. घरभाडं, इकामेतचे (राहण्याच्या परवान्याचे) कागद, डाळ कुठे मिळते हे सगळं सांगणारे भरपूर आहेत. मी फक्त या एका प्रश्नाबद्दल सांगतो, कारण तो सुटला की बाकीच्यांना शेजारीपाजारी हात लावतात.

आधी एक शब्द. संघाच्या पाठीराख्याला तुर्कीत 'तराफ्तार' म्हणतात. ओळखीचा वाटतो ना? आपला तरफदारच तो. नुसता सामना बघणारा तो 'सेयिर्जी'. टीव्हीसमोर दोघं शेजारी बसलेले असले तरी इथले लोक त्यांना एकाच मापाने मोजत नाहीत. भाजीवाल्याने मला सेयिर्जीत टाकलं होतं.

दुसरा शब्द 'सेम्त'. साधारण आपली पेठ. गलातासराय (१९०५) एका नामांकित शाळेतून निघाला, फेनेरबाहचे (१९०७) समोरच्या आशियाई किनाऱ्यावर कादिकोयमध्ये, आणि बेशिक्ताश या सेम्तमधून. गंमत म्हणजे तो फुटबॉल क्लब म्हणून सुरूच झाला नाही. १९०३ मध्ये सेरेंजेबेयच्या चढावर, उस्मान पाशाच्या वाड्यात, वीस-बावीस पोरं जमून कुस्ती, वजनं, डबलबार असला व्यायाम करत. सुलतान अब्दुलहमीदचा यिल्दिझ राजवाडा तिथून हाकेच्या अंतरावर, आणि चार पोरं एकत्र जमली तरी संशय घेणारा तो काळ. फुटबॉल तर परक्यांचा खेळ. व्यायामाला मात्र मुभा मिळाली. पहिलं नाव 'बेरेकेत' जिम्नॅस्टिक क्लब. बेरेकेत म्हणजे बरकत, हेही तुम्हाला शिकवायला नको. चेंडू आला १९११ मध्ये, शेरेफ बे नावाच्या तरुणाच्या मागे. क्लबच्या अधिकृत नावात आजही फुटबॉल नाही, जिम्नॅस्टिकच आहे. क्लबचं संक्षिप्त नाव बीजेके, त्यातला 'जे' तो.

माझा तेव्हाचा खोलीतला जोडीदार कोल्हापूरचा. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तालीम की!" संपलं. पाटाकडील, दिलबहार असल्या तालमींचे फुटबॉल संघ बघत वाढलेल्या माणसाला बेशिक्ताश समजावून सांगावा लागत नाही. आम्हा पुणेकरांना जरा वेळ लागतो.

आता सेम्तमध्ये एक फेरी मारू. धक्क्यावर उतरलात की ऑटोमन नौदलप्रमुख बार्बारोसचा पुतळा. तो ओलांडून आत शिरलात की बाजार, म्हणजे चार्शी. हा शब्द फारसीतून आलाय आणि त्यातला 'चार' आपलाच चार आहे. चार वाटा मिळतात ती जागा. मध्ये काळा गरुड उभा आहे. भेटायचं ठरलं की सगळे 'कार्ताल'पाशी भेटतात. पत्ता सांगावा लागत नाही.

हा गरुड आला एका कोळ्याच्या तोंडून. १९ जानेवारी १९४१, सुलेयमानियेशी सामना, बेशिक्ताश आधीच पुढे आणि तरी हल्ल्यावर हल्ले करतोय. प्रेक्षकांतून मेहमेत गालिन नावाचा मासेमार ओरडला, "चला काळ्या गरुडांनो, करा हल्ला!" सामना ६-० असा जिंकला आणि नाव चिकटलं. कुठल्या समितीने ठरवलं नाही, हे इथे अभिमानाने सांगतात. मासळीबाजारात तर जरा जास्तच.

तो सामना झाला शेरेफ मैदानावर, चिराआन राजवाड्याच्या बागेत. १९१० मध्ये राजवाडा जळाला, उरले नुसते भिंतींचे सांगाडे, आणि त्यांच्या सावलीत हे लोक खेळत. आज तिथे पंचतारांकित हॉटेल आहे. आत कॉफी प्यायला जाऊ नका, बिल बघून रडाल, बाहेरून बघा.

रंग काळा-पांढरा. चहाच्या दुकानात तुम्हाला सांगतील की आधी लाल-पांढरा होता, बाल्कन युद्धातल्या पराभवाच्या दुःखात लाल जाऊन काळा आला. ऐकायला छान आहे. पण क्लबचा इतिहास धुंडाळणाऱ्यांनी ते नाकारलंय. रंग पहिल्यापासून हेच. दुकानात मात्र वाद घालू नका. मी घातला होता. बिल्ल्यातले पट्टे मोजलेत तर १३१९ निघतं, जुन्या रूमी पंचांगातलं १९०३. वर चंद्रकोर-तारा दिसतो तो १९५२ चा मान: ग्रीसविरुद्धच्या सामन्यात तुर्कस्तानची जर्सी घालून बेशिक्ताशचाच संघ उतरला होता.

न्हाव्याकडे गेलात तर भिंतीवर दोन प्रकारचे फोटो असतील. एक मेतिन-अली-फेय्याझ या खेळाडूंच्या त्रिकुटाचा. गॉर्डन मिल्न या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली १९९० ते १९९२ अशी सलग तीन विजेतेपदं, आणि तिसऱ्या हंगामात एकही सामना न हरता. दुसरा फोटो सुलेयमान सेबा यांचा. यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. १९४७ मध्ये इनोन्यू मैदान उघडलं तेव्हा तिथला पहिला गोल त्यांचा, आणि १९८४ ते २००० ते क्लबचे अध्यक्ष. विजेतेपद हुकलं तरी मानाने हुकावं, 'शेरेफली इकिन्जिलिक', मानाचं दुसरं स्थान, हा शब्दप्रयोग त्यांच्या नावाने सांगतात. शेजारच्या अकारेत्लेरमधल्या रस्त्याला आता त्यांचं नाव आहे. तुमचं भाडं परवडत असेल तर तिथे राहा. नसेल तर माझ्यासारखं चढावर.

मी आलो तेव्हा जुनं इनोन्यू उभं होतं. दोल्माबाह्चे राजवाड्यासमोर, बॉस्फरसच्या काठावर. वरच्या टेकाडाला लोक 'बेलेश-तेपे' म्हणत, फुकट्यांची टेकडी. तिथून तिकिटाशिवाय अर्धं मैदान दिसायचं. माझे पहिले तीन सामने तिथलेच. मे २०१३ मध्ये शेवटचा सामना झाला आणि मग पाडकाम. पुढची जवळजवळ तीन वर्षं संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला. शहराच्या पार टोकाचं ऑलिम्पिक मैदान, बाशाकशेहिर, कधी थेट अंकारा. ११ एप्रिल २०१६ ला नव्या मैदानात पहिला सामना झाला, बुर्सास्पोरला ३-२ हरवलं आणि त्याच मोसमात विजेतेपद. त्या दिवशी भाजीवाल्याने मला टोमॅटोचे पैसे मागितले नाहीत.

२०२१ चं त्याहून विलक्षण. शेवटच्या दिवशी इझमिरमध्ये गोझतेपेला २-१ हरवलं, गलातासरायनेही सामना जिंकला, दोघांचे गुण ८४. गोलफरक ४५ विरुद्ध ४४. एका गोलाने विजेते! करोनाची टाळेबंदी होती, मैदानं रिकामी. आमच्या गल्लीतली प्रत्येक बाल्कनी मात्र भरली होती, आणि समोरच्या आजी पातेलं बडवत होत्या. उलट २००७ मध्ये लिव्हरपूलकडून ८-० असा मार खाल्लेला तो सामना. तो विषय तुम्ही काढायचा नाही. तेच काढतील आणि तेच हसतील.

पाठीराख्यांचा मुख्य गट 'चार्शी', १९८२ पासूनचा, बाजारातल्याच पोरांचा. घोषणा: 'चार्शी हेर शेये कार्शी', चार्शी सगळ्याच्या विरोधात. मध्ये एकदा स्वतःच्याही विरोधात जाऊन त्यांनी गट विसर्जित केल्याचं जाहीर केलं आणि परत आले. २०१३ च्या सरकारविरोधी गेझी आंदोलनात ते पुढे होते. ३५ जणांवर सरकार उलथवण्याच्या आरोपाखाली खटला चालला, २०१५ मध्ये सुटले, नंतर प्रकरण पुन्हा उघडलं. म्हणून सांगतो: घोषणा द्या, गाणी म्हणा, पण आपण इकामेतवर राहणारी माणसं. राजकीय घोषणा सुरू झाल्या की शेंगा खात बसावं. आतषबाजीला हात लावू नये, मैदानात उतरू नये. कायदा कडक आहे.

त्याच लोकांनी २६ फेब्रुवारी २०२३ ला काय केलं तेही ऐका. त्याच महिन्यातला तुर्कस्तानचा मोठा भूकंप पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी झाला होता. अंताल्यास्पोरविरुद्धचा सामना ४ मिनिटं १७ सेकंदांवर थांबला आणि चारही बाजूंनी खेळणी नि मफलर मैदानात पडू लागले, भूकंपग्रस्त मुलांसाठी. मी लेकीचं अस्वल घेऊन गेलो होतो. सामना ०-० सुटला. कोणाला आठवतही नाही.

आता कामाच्या गोष्टी. तिकिटासाठी पासोलिग कार्ड लागतं, २०१४ पासून. पासपोर्टवर निघतं, पण आठवडाभर आधी काढा. दारावर लायटर, नाणी, अत्तराच्या बाटल्या काढून घेतात. कादिकोयहून वापुरने, म्हणजे बोटीने या, सामन्याच्या दिवशी रस्त्याने येणं म्हणजे वेडेपणा. धक्क्यावरून मैदानापर्यंत चिनारांच्या सावलीतून चालत पंधरा मिनिटं. शाकाहाऱ्यांनी बाहेरच सिमित (तीळ लावलेला गोल पाव) नि चीज खाऊन घ्यावं, आत सूर्यफुलाच्या बियांवर भागवावं लागेल. सालं कुठे टाकायची विचारू नका, पायाखाली.

एक बाजू 'सियाह!' (काळा) ओरडते, समोरची 'बेयाझ!' (पांढरा). तुम्ही ज्या बाजूला बसलाय तिचा शब्द आधी शेजाऱ्याला विचारून घ्या. वयाने मोठा असेल तर 'आबी', बाई असतील तर 'आब्ला', दादा-ताईच.

हरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्याला 'गेचमिश ओल्सुन' म्हणायचं. आजारी माणसाला म्हणतात तेच, 'दुखणं सरो'. तो मान हलवेल, प्रशिक्षकाला दोन शिव्या घालेल, आणि बहुतेक तेव्हाच विचारेल की घराचा हीटर नीट चालतो का, नसेल तर त्याचा मेहुणा बघून देईल. माझा हीटर असाच दुरुस्त झाला. घराचा करार वाचून द्यायला वकीलही असाच मिळाला.

घरच्या सामन्याला आम्ही चार-पाच मराठी टाळकी दोन तास आधी गरुडापाशी जमतो. या. पिवळं काही घालून येऊ नका, निळ्याबरोबरही नाही (ते फेनेरबाहचेचे रंग) आणि लालबरोबर (ते गलातासरायचे) तर नाहीच.