बी.एफ.एस्सी.ला जाताय? मग आधी बंदरावर जा

बारावी सायन्सनंतर फिशरीज घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय. बी.एफ.एस्सी. म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, कोर्स 4 वर्षांचा. रत्नागिरीजवळ शिरगावला कॉलेज आहे, ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि नागपूर, उदगीरला माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. पुढे मास्टर्सला मुंबईत वर्सोव्याचं सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. अ‍ॅडमिशनचं मात्र त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

पहिल्या वर्षी सगळ्यांना घाम फोडते ती टॅक्सॉनॉमी, म्हणजे माशांचं वर्गीकरण आणि शास्त्रीय नावं. हार्पाडॉन नेहेरियस असं शंभरदा घोकलं तरी डोक्यात राहत नाही, पण पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन बोंबील हातात घेतला, त्याचं लिबलिबीत अंग आणि आत वळलेले बारीक दात बघितले की नाव आपोआप चिकटतं. वही घेऊन जा, डाव्या बाजूला कोळणी म्हणतात ते नाव, उजवीकडे शास्त्रीय. आणि मावशींना गिऱ्हाईकांच्या गर्दीत प्रश्न विचारू नका, लिलाव आटपला की निवांत बसतात तेव्हा विचारा, इतकं भरभरून सांगतात की वही पुरत नाही.

घरी मासे आले की स्वयंपाकघरातच प्रॅक्टिकल करायचं. आधी पट्टीवर लांबी, मग वजन, मग पोट उघडून काय खाल्लंय ते आणि गाभोळी आहे का ते. हे नीट लिहून ठेवा, कारण कितव्या लांबीला मासा पहिल्यांदा अंडी धरतो हे यातूनच कळतं आणि किमान कायदेशीर आकार, म्हणजे ज्याहून लहान मासा पकडायला बंदी असते तो, त्याच आधारावर ठरतो, महाराष्ट्रात पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट ताटात दिसलं की मला खरंच वाईट वाटतं. ढोम्याचं डोकं टाकून देऊ नका, आत कानाचे दोन पांढरे खडे सापडतात, ऑटोलिथ, इतर माशांच्या मानाने चांगलेच मोठे. ते घासून पातळ करून मायक्रोस्कोपखाली धरले की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वयाचा अंदाज काढतात.

वाइल्डलाइफकडे ओढा असेल तर एम.एस्सी.ला देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था बघा, ही नोंदी घ्यायची सवय तिथेही उपयोगी पडेलच.

1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून घरी बसू नका. रोहू-कटल्याच्या प्रजननाचा हाच हंगाम, एखाद्या मत्स्यबीज केंद्रात परवानगी काढून जा आणि संध्याकाळी हार्मोनचं इंजेक्शन दिलेली मादी अंडी सोडेपर्यंत रात्रभर जागा.