दोडक्याच्या शिरांची चटणी

उन्हाळा सरता सरता बाजारात कोवळे दोडके मिळू लागले की भाजीसाठी ते सोलताना निघणाऱ्या शिरा फेकून देऊ नयेत, कारण त्यांची चटणी भाकरीबरोबर भाजीपेक्षाही चवदार लागते. दोडका धुऊन, पुसून, त्याची एक चकती आधी चाखावी. ती कडू असेल तर तो दोडका शिरांसकट टाकून द्यावा, शिजवून कडूपणा जात नाही.

पाव किलो दोडक्यांच्या शिरा बारीक चिरून, लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर परताव्यात. सुरुवातीला त्या मऊ पडतात व तव्याला चिकटतात; पण घाई करून आच वाढवली तर बाहेरून करपून आत चिवट राहतात, म्हणून पाणी पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत, दहा-बारा मिनिटे, धीर धरावा. मीठ शेवटीच घालावे, कारण आधी घातल्यास पाणी सुटते. दोन चमचे तीळ, तेवढेच किसलेले सुके खोबरे, चार लसूणपाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या वेगळ्या भाजून घ्याव्यात आणि सर्व जिन्नस खलबत्त्यात जाडसर कुटावेत. मिक्सरमध्ये याचा लगदा होतो आणि शिरांचा कुरकुरीतपणा, जो या चटणीचा खरा जीव आहे, हरवतो.