अमेरिकन युद्धांचा इतिहास सैनिकांच्या पत्रांतून वाचताना
अमेरिकेच्या युद्धांचा इतिहास शिकायचाय ना, मग सुरुवातीला जाडजूड पुस्तकं नकोत, एकच लढाई पकडा आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट उघडा, २००० साली सुरू झालेला, पहिल्या महायुद्धापासूनच्या सैनिकांच्या मुलाखती, पत्रं, फोटो, बरंच काही घरबसल्या फुकट मिळतं. फक्त प्रत्येक गोष्ट कधीची ते आधी बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, म्हणजे १८६१-६५ च्या उत्तर-दक्षिण लढाईतली पत्रं (ती या प्रोजेक्टच्या आधीच्या काळातली, वेगळी शोधावी लागतात) सहसा सेन्सॉर होत नव्हती, म्हणून भूक, हगवण, अधिकाऱ्यांवरचा राग सगळं मोकळेपणाने लिहिलेलं सापडतं, वाचताना खरंच गलबलून येतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र गावांची नावं कापलेली असायची, म्हणजे पत्रात नाही म्हणून घडलंच नाही असं समजू नका. मुलाखत पन्नास वर्षांनी घेतलेली असेल तर तारखा चुकू शकतात, पण भीती, थंडी, मित्राचा आवाज हे माणूस विसरत नाही, ते नीट ऐका. आणि फोटोवर तर डोळे झाकून विश्वास नकोच. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचा १८६३ चा तो प्रसिद्ध फोटो आहे बघा, दगडांच्या आडोशाला पडलेला मृत सैनिक, छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरचा, त्यात मृतदेह दुसऱ्या जागेवरून उचलून तिथे आणून ठेवलेला होता, हे शंभरेक वर्षांनी त्याच सैनिकाचे इतर फोटो शेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं.