फाइलच्या वेळेवर विसंबणाऱ्या चाचण्या : या चुका टाळा

फाइल बदलली की नाही हे तिच्या एमटाइमवरून, म्हणजे शेवटच्या बदलाच्या वेळेवरून, ठरवणाऱ्या कोडची चाचणी लिहिताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे लागोपाठ केलेल्या दोन बदलांच्या वेळा वेगळ्याच नोंदल्या जातील असे गृहीत धरणे. फॅट३२ या फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइली साठवण्याच्या पद्धतीत, ही वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने, तर एचएफएस प्लस आणि ईएक्सटी३ वर १ सेकंदाच्या टप्प्याने नोंदली जाते. ईएक्सटी४ मध्ये नॅनोसेकंदांना जागा असली, तरी लिनक्स कर्नल ही वेळ वर्षानुवर्षे टायमरच्या ठरावीक अंतराने पडणाऱ्या ठोक्यावरून घेत आला असल्याने काही मिलिसेकंदांच्या आत झालेल्या दोन बदलांना एकच वेळ मिळू शकते. अधूनमधूनच फेल होणाऱ्या चाचणीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

त्यावर दोन बदलांच्या मध्ये स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा, घालण्याचा सर्रास केला जाणारा उपाय टाळावा, कारण त्याने सगळ्या चाचण्या रेंगाळतात आणि १ सेकंदाची स्लीप फॅट३२ वर पुरतही नाही. त्याऐवजी पायथनमधील ओएस.यूटाइम किंवा शेलमधील टच वापरून वेळ स्वतःच ठरवून द्यावी. ती पूर्ण आणि सम सेकंदांत असावी आणि दोन वेळांत निदान १० सेकंदांचे अंतर ठेवावे. अपूर्णांकातली वेळ द्यावीच लागली, तर ती डिस्कवरून परत वाचून त्या मूल्याशीच तुलना करावी. पायथनचे एसटी_एमटाइम हे दशांश मूल्य नॅनोसेकंदांपर्यंत अचूक राहत नाही, म्हणून काटेकोर तुलनेसाठी एसटी_एमटाइम_एनएस घ्यावे.

फाइलची वेळ प्रोग्रामच्या घड्याळाशी ताडून पाहणेही धोक्याचे आहे. वर सांगितलेल्या ठोक्यामुळे नव्या फाइलची वेळ, ती लिहिण्याआधी घेतलेल्या वेळेच्याही किंचित मागची निघू शकते. नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या एनएफएसवर तर ती सर्व्हरच्या घड्याळाने लागू शकते. वाचनाच्या वेळेवर, म्हणजे एटाइमवर, चाचणी बेतूच नये, कारण लिनक्सवर रिलेटाइम हा पर्याय मुळातच लागू असल्याने प्रत्येक वाचनाची नोंद होत नाही.

पायथन मॉड्यूल जागेवरच तयार करणाऱ्या चाचण्यांत याहून फसवा प्रकार घडतो. मॉड्यूलचा बाइटकोड, म्हणजे आधीच भाषांतरित केलेला कोड, साठवणारी पीवायसी फाइल जुनी झाली का हे पायथन एरवी मूळ फाइलचा आकार आणि सेकंदांतला एमटाइम एवढ्यावरूनच ठरवते. त्यामुळे त्याच सेकंदात १ च्या जागी २ लिहून मॉड्यूल पुन्हा इम्पोर्ट केले, तर जुनाच कोड चालतो. अशा चाचण्यांत बाइटकोड लिहिणे बंद ठेवावे आणि नवे मॉड्यूल सापडत नसेल तर इम्पोर्टलिबमधील इनव्हॅलिडेट_कॅशेस बोलवावे.

मात्र चाचणी दुरुस्त करण्याआधी मूळ कोडही तपासावा, कारण एकाच टप्प्यात झालेला बदल वापरकर्त्याच्या संगणकावरही निसटू शकतो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने ही शक्यता धरलेली आहे : फाइलची वेळ इंडेक्सच्या, म्हणजे फाइलींची स्थिती नोंदणाऱ्या गिटच्या फाइलच्या, वेळेइतकी किंवा तिच्यानंतरची दिसली, तर ते वेळेवर न विसंबता मजकूर तपासते.