आयटीआर (आयकर रिटर्न) नाही म्हणून कॉलेजच्या एडची (आर्थिक मदतीची) फाइल अडकली होती, अशी सुटली

बाबांची फक्त शेती, आयटीआर कधी भरलाच नाही, त्यामुळे सीएसएस प्रोफाइल (अमेरिकन कॉलेजं एडसाठी मागतात तो घरच्या उत्पन्नाचा ऑनलाइन फॉर्म) सबमिट करूनही कॉलेजच्या पोर्टलवर 'पॅरेंट टॅक्स रिटर्न : मिसिंग' लाल अक्षरात तसंच. नुसता मराठी सातबारा टाकला, रिजेक्ट. कोरा आयटीआर फॉर्म, तोही रिजेक्ट. डेडलाइनला 6 दिवस, डोकं फिरलेलं. शेवटी एड ऑफिसला मेल करून विचारलं रिटर्नऐवजी काय चालेल, मग आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला, त्याचं नि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, मग बाबांच्या सहीचं पत्र की रिटर्न भरत नाही, वर्षाचं उत्पन्न इतकं (ऊस वेगळा, दूध वेगळं लिहा). आकडे प्रोफाइलशी जुळवा, तिथे रुपये तर इथेही रुपयेच, डॉलर करत बसू नका. सगळं एकाच पीडीएफमध्ये अपलोड. चौथ्या दिवशी 'रिसीव्ह्ड'.