एमआयडीसीतला बंद गाळा घेताय? या चुका टाळा

कोकणात लोटे, खडपोली, मिरजोळे, कुडाळ, कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा, गवत वाढलेले बंद गाळे दिसतातच. आणि तो गाळा घेऊन टाकाऊतून माल बनवायचाय, सर्क्युलर इकॉनॉमी करायचीय म्हणणारी पोरं पण हल्ली सारखी भेटतात. करा की, गावात चार हातांना काम मिळेल. पण चुका त्याच त्याच बघून वैताग आलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तिथे आधी काय बनायचं हे न विचारता टोकन देणं. ओळखीतल्या एकाने रंगाचं केमिकल बनवणाऱ्या बंद युनिटचा गाळा घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून गडी खूश. करायचं काय, तर कोकमाचं आगळ! मागे निळे पिंप पडलेले, ते पण 'रियूज' म्हणून धुऊन घेतले. म्हटलं अरे बाबा, यात काय भरलेलं होतं? तर म्हणे, आता वास येत नाही ना. आगळ म्हणजे आंबट आणि वर मिठाने भरलेलं, ते त्या प्लास्टिकमधून काय काय ओढून घेईल याचा विचारच नाही. घातक केमिकल लागलेले रिकामे पिंप कायद्याने घातक कचऱ्यात मोडतात, धुऊन वापरायची वस्तू नाहीये ती. पिंपांचा नाद कसाबसा सोडवला, पण जून लागला आणि कोब्याच्या भेगांतून पिवळं पाणी वर यायला लागलं. आपला जांभा दगड म्हणजे सच्छिद्र, वर्षानुवर्षं सांडलेलं सगळं खाली मुरलेलं. कोबा फोडला, माती काढली, ती पण कुठेही टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या साइटवर तळोजाला पाठवावी लागली, आणि स्वस्त गाळ्याचे वाचलेले पैसे त्यातच गेले.

मी तरी जागा पावसातच बघतो. उन्हाळ्यात सगळेच गाळे चांगले दिसतात. शेजारच्या वॉचमनला चहा पाजा, तो एजंटपेक्षा जास्त सांगतो. प्रदूषण मंडळाचं जुनं कन्सेंट (कारखाना चालवायची संमती) मागा, त्यात काय माल बनायचा आणि किती सांडपाणी निघायचं ते लिहिलेलं असतं. मग माती आणि विहिरीचं पाणी लॅबला द्या. आणि हो, त्या जुन्या कन्सेंटवर तुमचा नवा माल बनवता येत नाही.

दुसरी चूक, 'कचरा फुकट मिळतो'. कोण सांगतं हे यांना? काजूच्या टरफलातून तेल निघतं, ते रंगात आणि ब्रेक लायनिंगमध्ये जातं, तेल काढलेली टरफलं बॉयलरला जळण म्हणून जातात, म्हणजे टरफलाला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं आहे. (टरफलं हाताळायला हातमोजे घाला, तेलाने कातडी सोलवटते.) नारळाची सोडणं (वरची जाड साल) मिळतील, पण वजनाला हलकी आणि जागा भरपूर खातात, टेम्पो भरला तरी माल थोडाच, भाडंच परवडत नाही. म्हणून सोडणं जवळच्या गावांतलीच घ्या. त्यातून काथ्यापेक्षा भुसाच जास्त निघतो, आणि त्या भुशाचं कोकोपीट (रोपं लावायला मातीऐवजी वापरतात ते) करायचं तर खारटपणा जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवायला लागतं. ते पाणी एप्रिल-मेमध्ये कुठून आणणार? व्हिडिओत मशीन बघून आधी ॲडव्हान्स देणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. आधी वर्षभर माल कोण देणार आणि घेणार कोण ते वहीत लिहा, मशीन कुठे पळून जात नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. सिमेंटचे जुने पत्रे हातोड्याने फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असतं, पत्रे ओले करून अख्खे उतरवा. जुने जांभ्याचे चिरे परत वापरायचे तर आधी जोड बघा, चुन्याचा असेल तर चिरा अख्खा निघतो, सिमेंटचा असेल तर निम्मे तुकडेच हाती येतात. सेकंडहँड लोखंड खाऱ्या हवेत घासून प्रायमर न मारता उभं केलं तर मला फोन करू नका. आधीच्या मालकाची वीज-पाण्याची थकबाकी आणि एमआयडीसीची ट्रान्सफर फी किती आहे ते टोकनच्या आधी विचारून घ्या. आणि अर्धा गाळा मित्राला भाड्याने द्यायचा बेत असेल तर त्याला पण एमआयडीसीची परवानगी लागते, तोंडी चालत नाही.